चला शिकूया: नक्षी कोरणारं मशीन – आधी टाकाऊ फळी, मग कर्ज



मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मॅडम, फर्निचरवाल्याकडं असतंय तसलं नक्षीचं मशीन आपल्या गटाला घेता येईल का? देवघराची जाळी, नावाच्या पाट्या, लई काम निघंल." लगेच दुसऱ्या म्हणाल्या, "कर्ज काढू की!" म्हणून या वेळचा पाठ त्यावरच.

मशीन चालतं कसं?

याला सीएनसी म्हणतात, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमावर कोरणारं मशीन. फळी टेबलाला घट्ट आवळायची. वरच्या मोटरीत बीट बसवलेलं असतं, ते गरगर फिरून लाकूड कापतं. मोटर तीन दिशांना सरकते: डावी-उजवी म्हणजे एक्स, मागं-पुढं म्हणजे वाय, खाली-वर म्हणजे झेड. हुकूम आकड्यांत असतात. 'जी ००' म्हणजे न कापता पटकन तिथं जा, 'जी ०१' म्हणजे ठरलेल्या वेगानं सरळ कापत जा. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत असं मशीन पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा हे हुकूम भोकं पाडलेल्या पट्टीवर असायचे.

माझी फजिती

कॉलेजला असताना मैत्रिणीच्या भावानं हौसेनं शेडमध्ये असं छोटं मशीन बनवलं होतं. मी म्हटलं, मला चालवू दे. झेडचा झिरो फळीच्या वरच्या बाजूला लावायचा असतो, मी लावला खाली टेबलावर. मशीनला वाटलं आपण फळीच्या वर आहोत, पण होतं फळीच्या आत! बटण दाबलं आणि बीट कट्‌कन मोडलं. फळी टाकाऊ होती म्हणून नुकसान फक्त बीटाचं झालं. गिऱ्हाईकाचं सागवान असतं तर?

पहिली भाकरी तव्याला चिकटते, तेव्हाच तवा कळतो. मशीनचंही तसंच आहे.

पाबळचं उदाहरण

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, ही तिथली रीत. २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीनं तिथं फॅब लॅब सुरू झाली. कॉम्प्युटरवर चालणारी कापायची, कोरायची मशीनं एका ठिकाणी, आणि वस्तू स्वतः बनवून बघायची. म्हणजे असं मशीन खेड्यात चालतं. पण आधी करून बघायचं, चुकायचं, मग धंद्याचं बोलायचं.

वेळेचा हिशोब

समजा एका पाटीवर बीटाला ६ मीटर रेषा फिरायची आहे. एकदम खोल कापलं तर बीट मोडतं, म्हणून थोडं थोडं करत ३ फेऱ्या. झाले १८ मीटर. वेग मिनिटाला १ मीटर, तर १८ मिनिटं गेली. फळी आवळणं, घासणं, पॉलिश वेगळं. मधेच लाइट गेली तर झिरो पुन्हा लावावा लागतो, कधी फळीच वाया जाते. विकणारा माणूस हे सांगत नाही.

लक्षात ठेवा

१. आधी बीट वर उचलून हवेत फिरवून बघा, मग टाकाऊ फळीवर, शेवटी चांगल्या लाकडावर.
२. पदर खोचा, केस बांधा, बांगड्या आणि हातमोजे काढून ठेवा. फिरत्या बीटात काहीही अडकू शकतं.
३. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. लाकडाचा भुसा छातीत जातो.
४. मशीन चालू असताना भुसा हातानं झाडू नका.

गटात चर्चा करा

कर्जाच्या अर्जाआधी आपल्या एका नक्षीचं काम मशीनवाल्याकडून मजुरी देऊन करून घ्या. शेजारी उभं राहून वेळ लिहा. मग विचारा: मजुरी, लाकूड, पॉलिश जाऊन हातात काय उरलं? अशा दहा पाट्या कोण घेईल, त्यांची नावं सांगता येतात का? मशीन बिघडलं तर दुरुस्तीला कोण येईल? महिन्याचा हप्ता किती?

उत्तरं बैठकीच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या भेटीत आपण मिळून हिशोब मांडू.

– तुमची क्षेत्र समन्वयक, बिलोली