दूरचे बोल

मुखेड हे नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात वसलेले तालुक्याचे गाव. त्याच्या एका अंगाला लातूर जिल्हा लागून आहे. कर्नाटक व तेलंगण यांच्या सीमाही फार दूर नाहीत. येथे भर दुपारी साध्या ट्रान्झिस्टरचा काटा मध्यम लहरींवर फिरवला, तर जवळपासचे एखादे केंद्र तेवढे लागते. बाकी सारी खरखर. परंतु सूर्यास्त झाला, बाजारपेठ निजली, की तोच काटा जणू नव्या मुलखात शिरतो. कोठे तेलुगू बातम्या, कोठे कन्नड गाणे, कोठे दूरच्या शहरातील हिंदी भाषण ऐकू येऊ लागते. पट्टा बदलून लघुलहरी लावाव्या, तर चिनी व अरबी बोलही कानी पडतात. यंत्र तेच आणि घरही तेच; मग दिवसा मुके असलेले आकाश रात्री बोलके कसे होते? या प्रश्नापाशी जो थबकतो, त्याला दूरश्रवणाचा छंद जडतो.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या डोक्यावरील वातावरणात आहे. रेडिओच्या लहरी सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर वेगाने धावतात. जमिनीलगत धावणाऱ्या लहरी डोंगर, झाडे व माती यांत लवकरच क्षीण होतात. वर जाणाऱ्या लहरींची गोष्ट निराळी. सूर्याच्या प्रखर किरणांमुळे वातावरणाच्या अगदी वरच्या भागात विद्युतभारित कणांचे थर तयार होतात. त्यांतील सर्वांत खालचा थर सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर असतो व तो मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्यास्तानंतर हा थर विरून जातो. त्याच्याही वर असलेला थर मात्र रात्रीही टिकतो आणि लहरींना पुन्हा पृथ्वीकडे वळवतो. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड तिरपा फेकला, तर तो टप्पे घेत दूर जातो. त्याचप्रमाणे या लहरी आकाश आणि धरणी यांच्यामध्ये टप्पे घेत शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर प्रवास करतात.

लहरी लांब किंवा आखूड असतात, म्हणून त्यांची लांबी मीटरमध्ये मोजतात. १९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. ते केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत असे. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून त्याची जागा पुन्हा पुन्हा बदलावी लागे. तरीही ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत त्या केंद्राने बंदिस्त देशाला बातम्या ऐकवल्या. ज्यांना ती नेमकी लहर ठाऊक होती, त्यांनाच तो आवाज सापडत असे. काटा कोठे थांबवावा हे कळणे, हेच श्रवणाचे पहिले ज्ञान होय.

या छंदाला मोठे भांडवल लागत नाही. लघुलहरी लागणारा एक ट्रान्झिस्टर, कानाला लावायचा हेडफोन, दहाएक मीटर तांब्याची तार, एक वही आणि एक घड्याळ एवढ्यावर आरंभ करता येतो. तार घराच्या छतापासून एखाद्या लिंबाच्या झाडापर्यंत ताणावी. तिची दोन्ही टोके चिनी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या तुकड्यांनी अलग राखावी व तिचा एक फाटा यंत्राला जोडावा. हीच एरियल. विजेच्या तारांपासून ती चांगली दूर असावी आणि हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे. मराठवाड्यात मृगापूर्वीच्या वळवाच्या पावसात विजा फार कडाडतात. ढग जमू लागण्यापूर्वीच तार यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवणे आणि कडकडाट चालू असता तिला स्पर्श न करणे, हा नियम कधीही मोडू नये.

दूरच्या आवाजाला जवळचा गोंगाट झाकून टाकतो. घरातील एलईडी दिवे, भ्रमणध्वनीचे चार्जर, मोटारपंप यांतून निघणारे विजेचे सूक्ष्म तरंग यंत्रात घुसतात व खरखर वाढवतात. म्हणून गावची वीज गेली, की इतर लोक कुरकुरतात आणि श्रोता मात्र आनंदाने ट्रान्झिस्टर पुढे ओढतो. त्या निःशब्द अंधारात, सेलवर चालणाऱ्या यंत्रात, एरवी दबून गेलेले एखादे क्षीण केंद्र स्पष्ट होते.

खरा श्रोता ऐकलेले सारे वहीत नोंदवतो. तारीख, वेळ, लहर, भाषा आणि कार्यक्रमाचा तपशील तो लिहून ठेवतो. देशोदेशींच्या घड्याळांचा घोळ टाळण्यासाठी जगाची एक समान वेळ ठरलेली आहे; भारतीय वेळ तिच्याहून साडेपाच तासांनी पुढे असते. मुखेडला रात्रीचे ९-३० झाले असता वहीत १६-०० असे लिहावे लागते. आवाजाची प्रत पाच आकड्यांत सांगतात. संकेताचा जोर, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, आवाजाचे चढउतार आणि एकूण दर्जा, या प्रत्येकाला १ ते ५ पैकी गुण द्यावयाचे. असा अहवाल केंद्राकडे पाठवला व तो खरा ठरला, तर अनेक केंद्रे पोच म्हणून एक सचित्र पत्रिका पाठवतात. तिला ‘क्यूएसएल कार्ड’ म्हणतात. येथे एक पथ्य आहे: जे ऐकू आले तेवढेच लिहावयाचे. अर्धवट ऐकू आलेला शब्द तर्काने पुरा करणे हे या छंदात असत्यच मानले जाते.

ऐकता ऐकता कित्येकांना बोलण्याचीही ओढ लागते. अशा लोकांना ‘हौशी रेडिओचालक’ अथवा ‘हॅम’ म्हणतात. पैशासाठी नव्हे, तर केवळ ज्ञानाच्या व मैत्रीच्या आवडीने ते प्रक्षेपक यंत्र चालवतात. जगाने त्यांना आरंभी फारसे महत्त्व दिले नव्हते. १९१२ साली अमेरिकेत कायदा झाला आणि हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून आखूड लहरी देण्यात आल्या. एवढ्या आखूड लहरी दूरच्या संदेशाला निरुपयोगी आहेत, असाच तेव्हाच्या जाणत्यांचा समज होता. हौशी लोकांनी मात्र त्या टाकाऊ लहरींवर रात्रीमागून रात्री प्रयोग चालू ठेवले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस येथील लिऑन डिलॉय यांनी सुमारे ११० मीटरवर पाठवलेले संकेत अमेरिकेत फ्रेड श्नेल आणि जॉन रायनार्ट्झ यांनी ऐकले व त्यांना उत्तरही दिले. अटलांटिक महासागर ओलांडून झालेले हौशी लोकांचे हे पहिले संभाषण होय. ज्या लहरी कोणाला नको होत्या, त्याच पृथ्वीप्रदक्षिणा करू शकतात, हे पुढे साऱ्या जगाने मान्य केले.

भारतात १९२१ साली अमरेंद्र चंद्र गुप्तू यांनी हौशी प्रक्षेपणाचा आरंभ केला. दुसरे महायुद्ध पेटताच १९३९ मध्ये सरकारने हौशी लोकांचे परवाने रद्द केले. स्वातंत्र्यानंतर ही विद्या पुन्हा फोफावली. नभोवाणीचे कार्यक्रम ऐकण्यास आज परवाना लागत नाही. परंतु प्रक्षेपण करावयाचे असेल, तर केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो. परीक्षेत विद्युत् व रेडिओ यांचे मूलतत्त्व आणि नियम विचारतात. परवान्याबरोबर प्रत्येकाला एक संकेतनाम मिळते. भारतीय हौशी चालकांची संकेतनामे बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही हौशी रेडिओचालक होते. ‘व्हीयू-टू-आरजी’ हे त्यांचे संकेतनाम.

या मंडळींचे शिष्टाचार लक्षात ठेवण्याजोगे आहेत. बोलण्यापूर्वी ते आधी ऐकतात. ही लहर मोकळी आहे काय, असे विचारतात आणि कोणी बोलत असेल तर थांबतात. व्यापाराच्या गोष्टी तेथे निषिद्ध आहेत. नावातील अक्षरे चुकू नयेत म्हणून प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला शब्द उच्चारतात: ‘ए’ साठी अल्फा, ‘बी’ साठी ब्राव्हो. संख्या सांगताना एकेक अंक सुटा सांगतात. कारण खरखरीत ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांची गल्लत होणे सहज शक्य असते. कोणी संकटाचा संदेश देऊ लागला, की बाकी सारे तत्काळ मौन धरतात. सामान्य दिवसांत हे नियम कोणाला अतिरेकी वाटतील. त्यांचे मोल कठीण प्रसंगी कळते.

असा प्रसंग मराठवाड्यावरच ओढवला. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन करून माणसे निश्चिंत निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंतींची व माळवदांची घरे काही क्षणांत कोसळली आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे ढिगाऱ्याखाली मृत्यू पावली. त्या काळी खेड्यांत दूरध्वनी विरळ होते; भ्रमणध्वनी तर भारतात १९९५ साली आला. वर पाऊस कोसळत होता. मदत येत होती, परंतु कोणत्या गावाला काय हवे हे कळल्यावाचून ती योग्य जागी पोहोचणार कशी? अशा वेळी हौशी रेडिओचालक आपली यंत्रे घेऊन भूकंपग्रस्त भागात गेले व त्यांनी संदेशवहनाला हातभार लावला. मोटारीच्या बॅटरीवर चालणारे यंत्र आणि दोन खांबांवर ताणलेली तार, एवढ्याने बोलणे सुरू होऊ शकते. तेथे औषधांच्या संख्येत एका अंकाची चूकही महाग पडते. वर्षानुवर्षे वहीत खरे तेच लिहिणारा आणि अंक सुटे सांगणारा मनुष्य अशा जागी विश्वासाचा ठरतो.

याचे दुसरे उदाहरण अंदमानातील आहे. तेथून अनेक वर्षे कोणी हौशी प्रक्षेपण केले नव्हते. म्हणून त्या बेटांशी एकदा तरी बोलावे, अशी जगभरच्या हौशी लोकांना उत्कंठा होती. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक पथक पोर्ट ब्लेअरला गेले आणि देशोदेशींच्या चालकांशी संभाषणे करू लागले. २६ डिसेंबरच्या सकाळी प्रचंड भूकंप झाला व पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. नेहमीचे दळणवळण विस्कळीत झाले. पथकाने छंदाची संभाषणे तेथेच थांबवली आणि तीच यंत्रे मदतकार्याला वाहिली. आप्तांच्या खुशालीचे निरोप त्यांनी मुख्य भूमीकडे पोहोचवले. काही सहकारी यंत्रे घेऊन कार निकोबारलाही गेले. हौसेसाठी नेलेले सामान सेवेच्या कामी आले.

विहीर आग लागल्यावर खणून भागत नाही. संकटाच्या दिवशी उपयोगी पडणारे कौशल्य शांततेच्या दिवसांतच कमवावे लागते, आणि ते कमावण्याचा सर्वांत आनंददायक मार्ग म्हणजे छंद. मुखेडसारख्या गावात अंधाऱ्या रात्री कानाला हेडफोन लावून बसलेला एखादा मुलगा किंवा मुलगी कोणाला रिकामटेकडी भासेल. पण दूरचा क्षीण आवाज धीराने ऐकणे, ऐकले तेवढेच प्रामाणिकपणे लिहिणे आणि दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणे, हे तीन गुण तेथे नकळत अंगी बाणत असतात. असे कान ज्या गावात आहेत, त्या गावाची हाक संकटकाळीही वाया जात नाही.

शब्दार्थ

क्षीण – दुबळा, मंद. मुलूख – प्रदेश. निषिद्ध – मनाई असलेले. उत्कंठा – तीव्र इच्छा. माळवद – लाकडी तुळयांवर माती पसरून केलेले सपाट छप्पर. आप्त – नातलग. दळणवळण – जाण्यायेण्याची व निरोप देण्याघेण्याची सोय.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) रात्री दूरची केंद्रे का ऐकू येतात?
(आ) १९२३ च्या संभाषणाने कोणता समज खोटा ठरला?
(इ) वीज गेली असता श्रोत्याला आनंद का होतो?

२. कारणे द्या.
(अ) हौशी रेडिओचालक संख्येतील अंक सुटे सांगतात.
(आ) ढग जमण्यापूर्वी एरियलची तार यंत्रापासून सोडवावी.

३. ‘विहीर आग लागल्यावर खणून भागत नाही.’ या वाक्याचा अर्थ किल्लारी किंवा अंदमान येथील प्रसंगाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. संधी सोडवा: सूर्यास्त, निःशब्द, नभोवाणी.

५. वाक्यात उपयोग करा: हातभार लावणे, मौन धरणे, अंगी बाणणे.

६. उपक्रम: सलग सात दिवस दुपारी व रात्री एकाच वेळी रेडिओच्या मध्यम लहरी ऐका. कोणती केंद्रे लागली ते पाठात सांगितल्याप्रमाणे वहीत नोंदवा आणि आढळलेला फरक वर्गात वाचून दाखवा.