औषधी द्रव्यांच्या उगमस्थानांचे नकाशे : पडद्यावरून कागदावर

चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल, आनूप आणि साधारण असा देशभेद सांगितला आहे. द्रव्य कोणत्या भूमीतले, हा प्रश्न आजही औषधनिर्मात्यापुढे असतोच. म्हणून कच्च्या मालाच्या नोंदीसोबत उगमस्थानाचा नकाशा जोडणे आम्हांस इष्ट वाटते. परंतु तो वाचता आला पाहिजे. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातील हिरड्याच्या संकलनस्थळांचा नकाशा आम्ही प्रथम केला, तेव्हा पडद्यावर तो सुबक दिसला. छापल्यावर मात्र गावांची नावे पुसट होऊन हिरवा डाग तेवढा उरला.

चूक आमचीच होती. पडद्यावरचे चित्र जसेच्या तसे टिपून आम्ही ते वर्डमध्ये चिकटवले होते. त्यात नकाशाची रुंदी जेमतेम ८०० पिक्सेल. ए-४ कागदावर दोन्ही बाजूंस २५ मि.मी. समास सोडला, तर १६० मि.मी., म्हणजे ६.३ इंच जागा मिळते. तेवढ्यात ८०० पिक्सेल पसरले की इंचाला १२७ येतात. स्वच्छ मुद्रणास ३०० धरावेत. म्हणजे रुंदी सुमारे १८९० पिक्सेल हवी. चित्र ओढून मोठे करणे हे काढ्यात पाणी ओतून मात्रा वाढवण्यासारखेच!

क्यूजीआयएस ही विनामूल्य संगणकप्रणाली या कामास पुरेशी आहे. तिच्या 'प्रिंट लेआउट'मध्ये पानाचा आकारच आधी १६० × १२० मि.मी. ठरवावा, गावांची नावे ८ पॉइंटांहून लहान ठेवू नयेत आणि ३०० रिझोल्यूशनवर पीएनजी स्वरूपात चित्र काढावे. जेपीईजीमध्ये अक्षरांच्या कडा धूसर होतात.

वर्डमध्ये चित्र 'इन्सर्ट'मधून घालावे व रुंदी १६ सें.मी.च ठेवावी. त्याआधी 'ऑप्शन्स'मधील 'ॲडव्हान्स्ड' भागात जाऊन 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाईल' यावर खूण करावी. अन्यथा फाईल जतन होताना वर्ड चित्रातील पिक्सेल कमी करू शकते. हे आम्हांस फार उशिरा कळले. मुद्रकाकडे धाडताना मोबाइलच्या संदेशातून चित्र म्हणून न पाठवता पीडीएफ द्यावी.

प्रमाण '१:५०,०००' असे अंकांत लिहू नये. चित्राचा आकार बदलताच ते खोटे ठरते. रेखाटलेली प्रमाणपट्टी मात्र चित्रासोबतच लहानमोठी होते. कृष्णधवल छपाईत वनाचा हिरवा आणि शेतीचा तांबूस रंग एकसारखेच करडे दिसू शकतात, म्हणून एका भागात तिरप्या रेषा भराव्यात. आधारनकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा असल्यास तसा उल्लेख नकाशाखाली करणे बंधनकारक आहे.

हिरड्याची गावे दाखवण्यास हरकत नाही. त्याचा व्यापार उघड आहे. सर्पगंधेसारख्या दुर्मीळ होत चाललेल्या वनस्पतीचे नेमके ठिकाण छापील प्रतीत देऊ नये. तेथे केवळ तालुका रंगवावा आणि अक्षांश-रेखांश आपल्या नोंदवहीतच ठेवावेत.