बिटकॉइन घेण्याआधी: फतवा, कर आणि जकात

बिटकॉइन घ्यायचं का, हे मुफ्तींना खरेदीच्या आधी विचारा. मसला विचारायला सहसा पैसे पडत नाहीत. खरेदीनंतर 'नाजायज' असं उत्तर आलं, तर बाहेर पडताना मात्र पडतात.

सगळीकडून एकच उत्तर येईल अशी अपेक्षा ठेवू नका. इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती शौकी अल्लाम यांनी २०१८च्या सुरुवातीला बिटकॉइनचा व्यवहार हराम ठरवला. मलेशियात रोखे आयोगाच्या शरीयत सल्लागार मंडळाने २०२० मध्ये नोंदणीकृत बाजारातल्या खरेदी-विक्रीला मुभा दिली. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये मधली वाट काढली: चलन म्हणून वापर हराम, पण नाण्यामागे ठोस आधार आणि स्पष्ट उपयोग असेल तर वस्तू म्हणून विक्री चालेल. आक्षेप मुख्यतः दोन आहेत, घरार म्हणजे सौद्यातली अनिश्चितता आणि जुगार. उधारीच्या पैशावरचे फ्युचर्स किंवा नाणी उसनी देऊन मिळणारं ठरावीक व्याज यांत तर रिबाचाही प्रश्न येतो. साध्या खरेदीला मिळालेली मुभा या योजनांना लागू आहे असं समजू नका.

आता भारतातला खर्च. नफ्यावर ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. विक्रीच्या पूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. एक्स्चेंजची दलाली आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा. खरेदी किमतीखेरीज कोणताही खर्च नफ्यातून वजा करता येत नाही.

सगळ्यात जास्त लागतं ते इथे: एका नाण्यात ५०,००० रुपये नफा झाला आणि दुसऱ्यात तेवढाच तोटा, तर हातात काहीच उरलं नाही. तरी कर भरायचा १५,६०० रुपये, कारण एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. रोज उलाढाल करणाऱ्याने हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पाऊल टाकू नये.

सरकारी कर भरला म्हणून जकात फिटत नाही. रोकड, सोनं-चांदी आणि विकण्यासाठी घेतलेली नाणी मिळून निसाब, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीची किंमत, भरत असेल, तर चांद्रवर्ष पूर्ण होईल त्या दिवशीच्या बाजारभावावर २.५ टक्के. दोन लाखांच्या नाण्यांवर ५,००० रुपये. खरेदीचा भाव इथे धरत नाहीत. इंग्रजी वर्षाने हिशेब ठेवत असाल तर दर सुमारे २.५७७ टक्के धरा.

जकातीसाठी नाणी विकलीत, तर त्या विक्रीवरही टीडीएस कापला जाईल आणि नफा असेल तर करही लागेल. म्हणून जकातीपुरते रुपये आधीपासून बँकेत बाजूला ठेवा आणि त्या दिवशीचा भाव तारखेसह लिहून ठेवा.