विजेचे जाळे कोणाच्या मालकीचे? हॅम्बुर्ग नगरातील लोकनिर्णय

घरातील दिव्याचे बटण दाबले की उजेड पडतो. परंतु तेथवर पोहोचण्यापूर्वी विजेला तीन टप्पे ओलांडावे लागतात. प्रथम ती वीजकेंद्रात निर्माण होते. नंतर उच्च दाबाच्या तारांतून दूरवर वाहून नेली जाते. आणि शेवटी शहरातील भूमिगत केबली व रोहित्रे यांच्या द्वारे घरोघर वाटली जाते. या शेवटच्या टप्प्यास वितरण म्हणतात. वीज निर्माण करणारे अनेक असू शकतात, विकणारेही अनेक असू शकतात. परंतु एकाच रस्त्याखालून चार कंपन्यांनी चार निरनिराळ्या केबली नेणे कोणासच परवडणारे नसते. म्हणून वितरणाचे जाळे स्वभावतःच एकहाती राहते. अर्थशास्त्रात यास नैसर्गिक मक्तेदारी अशी संज्ञा आहे. ही मक्तेदारी अटळ असेल तर ती कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही. तो नागरिकांचा होतो. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील नागरिकांनी त्याचा निकाल मतपेटीतून लावला.

पार्श्वभूमी

एल्ब नदीवरील हॅम्बुर्ग हे सुमारे १८ लाख वस्तीचे बंदर आहे. ते एक नगर आहे, तसेच जर्मन संघराज्यातील एक घटकराज्यही आहे. १८९४ मध्ये स्थापन झालेली तेथील वीज कंपनी दीर्घकाळ मुख्यतः नगराच्या मालकीची होती. १९९७ पासून नगराने आपले भाग विकावयास आरंभ केला आणि काही वर्षांतच ती कंपनी वाटेनफाल या उद्योगाच्या ताब्यात गेली. गंमत अशी की, हा उद्योग स्वीडन देशाच्या सरकारचा आहे. म्हणजे एका लोकसत्तेची मालमत्ता दुसऱ्या लोकसत्तेकडे गेली, पण ज्यांच्या रस्त्याखालून तारा जातात त्यांचा अधिकार मात्र सुटला. तथापि, सार्वजनिक रस्त्यांखालून तारा नेण्याचा परवाना मुदतीचा असतो. हॅम्बुर्गमधील विजेच्या जाळ्याच्या परवान्याची मुदत २०१४ च्या अखेरीस संपावयाची होती. चळवळीस संधी मिळाली ती येथे.

उष्णतेचा प्रश्न

थंड प्रदेशात घर उबदार ठेवणे ही चैन नसून गरज असते. हॅम्बुर्गमध्ये वीजकेंद्रांतील उष्णतेने तापविलेले पाणी भूमिगत नळांतून लाखो घरांपर्यंत नेले जाते. वीज आणि ही उष्णता यांत एक महत्त्वाचा भेद आहे. विजेचा ग्राहक जाळे तेच ठेवून विक्रेता बदलू शकतो. उष्ण पाण्याच्या ग्राहकास ती सोय नाही. नळ, केंद्र आणि विक्रेता हे सारे एकच असतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबास इंधन निवडता येत नाही, आणि दर जाचक वाटला तरी दुसरीकडे जाता येत नाही.

याच सुमारास एल्बच्या दक्षिण तीरावरील मोरबुर्ग येथे सुमारे १,६०० मेगावॅट शक्तीचे कोळशाचे केंद्र उभारले जात होते. त्याची उष्णता आल्टोना भागातून नळाने नेण्याची योजना निघाली. त्यासाठी वृक्ष तोडावे लागणार असल्याने तेथील रहिवाशांनी विरोध केला, आणि २०१० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ते काम थांबले. एका नळाविरुद्धचा हा लढा लवकरच अधिक व्यापक प्रश्नाकडे वळला: शहरास कोणत्या इंधनाची ऊब मिळावी, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

चळवळ आणि मतदान

२०१० मध्ये पर्यावरणरक्षक संघटना, ग्राहकांचे मार्गदर्शन केंद्र, चर्चचे एक क्षेत्रीय मंडळ आणि स्थानिक नागरिकांचे गट एकत्र आले. हॅम्बुर्गच्या घटनेनुसार लोकांना तीन पायऱ्यांनी कायदा वा ठराव घडविता येतो. प्रथम १०,००० सह्या द्यावयाच्या. नंतर तीन आठवड्यांत एकविसांश मतदारांचा पाठिंबा मिळवावयाचा. आणि मग सार्वमत. २०११ मध्ये दुसऱ्या पायरीवर १ लाखाहून अधिक सह्या जमल्या.

ठरावात दोन गोष्टी होत्या. वीज, वायू व उष्णता यांची जाळी पूर्णतः सार्वजनिक मालकीत आणावी, ही पहिली. आणि पुरवठा सामाजिक दृष्ट्या न्याय्य, हवामानास अनुकूल, लोकांच्या नियंत्रणाखाली व नवीकरणीय स्रोतांतून व्हावा, ही दुसरी. म्हणजे मालकी हे साधन, तर न्याय्य व स्वच्छ ऊर्जा हे साध्य होते.

विरोधही दुबळा नव्हता. महापौर ओलाफ शोल्त्स यांच्या शासनाने २०१२ मध्ये तिन्ही जाळ्यांतील २५.१ टक्के भाग सुमारे ५४ कोटी युरो देऊन घेतला होता व तेवढे पुरेसे आहे, असे शासनाचे म्हणणे होते. संपूर्ण खरेदीस सुमारे २०० कोटी युरो लागतील व ते कर्ज नागरिकांच्या माथी बसेल, असा इशारा विरोधकांनी दिला. व्यापारी मंडळही विरोधात होते. समर्थकांचे उत्तर असे की, जाळ्याचे उत्पन्न नियमितपणे येत राहते. त्यातूनच कर्ज फिटेल.

२२ सप्टेंबर २०१३ रोजी, राष्ट्रीय निवडणुकीच्याच दिवशी, मतदान झाले. ५०.९ टक्के मते ठरावाच्या बाजूने पडली. अंतर अल्प होते. तरी निर्णय बंधनकारक होता आणि ज्यांनी विरोध केला होता त्यांनाच तो अमलात आणावा लागला.

परिणाम आणि मर्यादा

विजेचे जाळे २०१४ मध्ये, वायूचे २०१८ मध्ये आणि उष्णतेचे २०१९ मध्ये नगराकडे आले. शेवटचा व्यवहार सर्वांत कठीण ठरला. करारातील किमान किंमत ९५ कोटी युरो होती. २०१८ मधील मूल्यांकन सुमारे ६४.५ कोटी निघाले. अधिक किंमत देणे सार्वजनिक पैशाच्या नियमांत बसते काय, यावर तीव्र वाद झाला. अखेर शासनाने खरेदी केली. मोरबुर्गचे केंद्र २०१५ मध्ये पूर्णपणे चालू झाले व २०२१ मध्ये बंद पडले. परंतु ते बंद होण्यास राष्ट्रीय कोळसा-निवृत्ती योजना व बाजारभाव कारण झाले, सार्वमत नव्हे. हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

तसेच, तारा विकत घेतल्याने त्यांतून वाहणारी वीज आपोआप स्वच्छ होत नाही. जर्मनीत नवीकरणीय विजेस जाळ्यात अग्रक्रम देण्याचे बंधन २००० च्या कायद्याने मालकावर, तो कोणीही असो, घातलेच होते. जाळ्याच्या वापराचा आकारही राष्ट्रीय नियामक ठरवितो. त्यामुळे घराचे वीजबिल एकदम उतरत नाही. जे बदलते ते हे: मिळणारा नफा नगराच्या तिजोरीत राहतो, आणि नव्या खर्चाची दिशा लोकप्रतिनिधी ठरवू शकतात. उष्णतेच्या बाबतीत मात्र मालकीचे महत्त्व फार मोठे आहे, कारण तेथे मालकच इंधन निवडतो.

सहा आठवड्यांनंतर, ३ नोव्हेंबर २०१३ रोजी, बर्लिन येथेही असेच सार्वमत झाले. मत देणाऱ्यांपैकी चार-पंचमांशाहून अधिक लोक अनुकूल होते. परंतु एकूण मतदारांच्या एक-चतुर्थांश मतांची अट थोडक्यात हुकली व ठराव पडला. तरीही २०२१ मध्ये बर्लिनने आपले विजेचे जाळे विकत घेतलेच. हरलेली चळवळही प्रश्न जिवंत ठेवून जाते, हे यावरून दिसते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विजेच्या वितरणास नैसर्गिक मक्तेदारी का म्हणतात?
२. विजेचा ग्राहक व नळाच्या उष्णतेचा ग्राहक यांच्या स्वातंत्र्यात कोणता फरक आहे?
३. जाळ्याची मालकी बदलल्याने कोणत्या गोष्टी बदलतात व कोणत्या बदलत नाहीत?
४. आपल्या गावातील विजेच्या तारा कोणाच्या मालकीच्या आहेत, याची चौकशी करून टिपण लिहा.