एसटीपीचं कोटेशन बघण्याआधी

आमच्या सोसायटीत दुसरा टप्पा उभा राहिला, टँकर वाढले, आणि एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, बसवून ते पाणी फ्लशला वापरायचं ठरलं. तीन कोटेशनं आली. कमिटी तासभर टाक्यांच्या किमतीवर घासाघीस करत बसली. फ्लशच्या वेगळ्या पाइपलाइनचा खर्च एकातही धरलेला नाही, हे शेवटी प्लंबरनं दाखवलं. जुन्या इमारतीत शाफ्टमधून प्रत्येक संडासापर्यंत नवा पाइप न्यायचा, गच्चीवर वेगळी टाकी बसवायची, म्हणजे निम्म्या बाथरूमच्या फरश्या फुटणार. या पाइपलाइनचं कोटेशन आधी घ्या.

आता क्षमता. 200 फ्लॅट, घरटी 5 माणसं, माणशी रोज 135 लिटर असं धरलं, तर वापर 1 लाख 35 हजार लिटर. त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परत येतं, म्हणजे 1 लाख 8 हजार. पण निम्मे फ्लॅट रिकामे असतील तर एवढ्या मोठ्या प्लांटमधले घाण खाणारे जिवाणू उपाशी राहतात. त्यापेक्षा निम्म्या क्षमतेचे दोन भाग मागा आणि दुसरा नंतर सुरू करा.

फ्लशला माणशी 45 लिटर धरले, तर रोजचे 45 हजार लिटर वाचतात, म्हणजे दहा हजारी साडेचार टँकर. टँकरला हजार रुपये धरले तर महिन्याला 1 लाख 35 हजार.

समोर खर्च मांडा. जिवाणूंना हवा पुरवणारा 5 एचपीचा ब्लोअर 20 तास चालला की 75 युनिट, पंपांचे 45. कॉमन मीटरला 12 रुपये युनिट धरलं तर महिन्याला 43,200. दोन ऑपरेटरांचे 36 हजार. क्लोरीन, पाण्याची तपासणी, गाळ उपसणं आणि दुरुस्तीला 20 हजार. लाखभर गेलेच. हातात राहतात पस्तीसेक हजार, तेही टँकर विकत घेत असाल तरच. हे दर हिशेबापुरते आहेत. तुमच्या बिलावरचे आकडे टाकून बघा.

आणि वीज वाचवायला ब्लोअर रात्री बंद ठेवू नका. आमच्याकडे एका काटकसरी सेक्रेटरींनी ठेवला. चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये सडक्या अंड्यांचा वास आला. दुसऱ्या प्लांटमधला जिवंत गाळ टँकरनं आणून जिवाणू पुन्हा वाढवावे लागले, आणि तोवर दोन आठवडे फ्लशला विकतचंच पाणी.