नकाशाचे प्रमाण आणि प्रत्यक्ष अंतर

वर्गाच्या भिंतीवरील भारताच्या नकाशात आपली सुरत म्हणजे एक ठिपका आणि तापी म्हणजे एक निळी रेघ. विस्तीर्ण भूमी कागदावर उतरवायची, तर तिच्यातील अंतरे ठराविक पटीने लहान करावी लागतात. नकाशावरील अंतर व जमिनीवरील अंतर यांच्या गुणोत्तरास नकाशाचे प्रमाण म्हणतात.

हे प्रमाण तीन रीतींनी दर्शवितात. ‘१ सें. मी. ला ५०० मीटर’ हे झाले शब्दप्रमाण. तेच १ : ५०,००० असे लिहिले की अंकप्रमाण झाले. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे ‘एका मैलास एक इंच’ या प्रमाणाचे असत. मैलात ६३,३६० इंच असल्याने त्यांचे अंकप्रमाण १ : ६३,३६० होते. मेट्रिक पद्धती आल्यावर त्यांची जागा १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशांनी घेतली. तिसरे रेषाप्रमाण, म्हणजे नकाशाखाली काढलेली भाग पाडलेली रेषा. नकाशाची लहान वा मोठी प्रत काढल्यास पहिली दोन प्रमाणे खोटी ठरतात. रेषा मात्र नकाशाबरोबरच लहानमोठी होते, म्हणून ती खरी राहते.

आता अंतर मोजू. १ : १०,००,००० प्रमाणात १ सें. मी. म्हणजे १० कि. मी. अशा नकाशावर मुंबई सेंट्रल ते सुरत हे अंतर पट्टीने सुमारे २४.८ सें. मी. भरते, म्हणजे २४८ कि. मी. परंतु लोहमार्गाने ते २६३ कि. मी. आहे. पट्टी हवेतून सरळ जाते. गाडीला मात्र वळणे घेत, वाटेतील गावांना स्पर्श करीत जावे लागते.

वाकड्या मार्गासाठी ओला दोरा घ्यावा. तो नदीच्या किंवा रस्त्याच्या प्रत्येक वळणावर बसवावा, मग सरळ करून पट्टीवर मोजावा. १९७२ साली पूर्ण झालेले उकाई धरण सुरतेपासून सरळ रेषेत सुमारे ८० कि. मी. आहे. १ : २,५०,००० प्रमाणाच्या नकाशावर हे अंतर ३२ सें. मी. येते. तापीच्या पात्रावरून दोरा फिरविला, तर तो सुमारे ४० सें. मी. भरतो, म्हणजे १०० कि. मी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग जलमय झाला. ते पाणी पट्टीच्या रेषेने आले नाही, दोऱ्याच्या वाटेने आले. पूर शहरात केव्हा पोहोचेल, याचा अंदाज घेणाऱ्याला म्हणूनच नदीची खरी लांबी ठाऊक असावी लागते.

एक सावधगिरी बाळगावी. लहान प्रमाणाच्या नकाशात नदीची बारीक वळणे गाळलेली असतात, म्हणून तिची लांबी कमी भरते. शिवाय अर्ध्या मिलिमीटरची चूक १ : ५०,००० प्रमाणात २५ मीटरांची असते, तर १ : १०,००,००० प्रमाणात तीच ५०० मीटरांची होते.

अभ्यासासाठी एक प्रश्न : १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. १ : १०,००,००० प्रमाणात राजगड ते सुरत हे अंतर सुमारे ३४ सें. मी. आहे. सरळ रेषेतील अंतर किती? आणि सह्याद्रीचे घाट व वाटेतील नद्या ओलांडणाऱ्या घोडेस्वारांना याहून किती अधिक वाट चालावी लागली असेल? दोरा घेऊन आपणच मोजून पाहावे.