गाण्याचा सातबारा आपल्या नावावर लावून घ्या

तुळशीचं लग्न लागलं की धुळे-जळगावच्या गल्लीबोळातल्या छोट्या स्टुडिओंना रात्रभर उसंत नसते. दिवसा शूटिंग, रात्री एडिटिंग. नायक मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला, ड्रोन भाड्याचा, लोकेशन म्हणजे कुणाच्या तरी केळीच्या बागा नाहीतर तापीचा काठ. सचिन कुमावत यांचं ‘सावन ना महिनामा’, विनोद कुमावत यांचं ‘हाय झुमकावाली पोर’ ही गाणी खान्देशाची वेस ओलांडून पुण्या-मुंबईच्या हळदीत वाजली. अहिराणीचा एक शब्द न कळणारी पोरं त्यावर नाचतात. ज्या बोलीत बोललं की शाळेत पोरं हसायची, ती आज डीजेवर वाजते, याचा मला मनापासून आनंद आहे. आणि म्हणूनच आमच्या गाण्याचं काय झालं ते सांगायला बसलोय, म्हणजे पुढच्या पोरांचं तसं होणार नाही.

आमचं गाणं नवरदेवाच्या मामावर होतं. मामा हळदीला घरून निघतो, वाटेत पारोळ्याला भरीत आणि कळण्याची भाकरी खायला थांबतो, तिथं जुना मित्र भेटतो, मग त्याच्या शेतावर जाणं होतं, आणि शेवटी आहेराची पिशवी घेऊन मामा मंडपात शिरतो तेव्हा आचारी भांडी घासत असतो. शब्द माझे आणि एका शिक्षक मित्राचे. चाल निम्मी नवी, निम्मी आमच्याकडच्या बायका हळदीला म्हणतात त्या जुन्या गाण्याची. गायला माझा चुलतभाऊ. ढोलकीवाला शेजारच्या गावचा, आणि त्याच्या हाताशिवाय ते गाणं उभंच राहिलं नसतं. रेकॉर्डिंगला गेलो तर स्टुडिओवाल्यानं पैसे घेतले नाहीत. गाणं ऐकून तोच खूश झाला. म्हणाला, “आपलं घरनंच काम शे भो, मना चॅनलवर टाकू, व्ह्यू येतीन.” कागदाचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, “लिखापढी कसाले?” खान्देशात मैत्रीच्या कामात कागद मागणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं, अशी आपली समजूत आहे. ती समजूत गोड आहे, पण गाण्याच्या धंद्यात ती चालत नाही.

गाणं चाललं. वराती त्यावर थांबायला लागल्या. मग आम्ही ठरवलं, स्वतःचं चॅनल काढायचं आणि गावातल्या एका खऱ्याखुऱ्या मामांना घेऊन व्हिडिओ करायचा. मामांनी काम असं केलं की कॅमेरा धरणारा हसून हलायला लागला, तो शॉट पुन्हा घ्यावा लागला. व्हिडिओ चढवला आणि काही वेळातच यूट्यूबचा संदेश आला: या व्हिडिओतला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे. थोड्या दिवसांनी व्हिडिओच काढून टाकला गेला आणि चॅनलवर स्ट्राइक बसला. चुलतभाऊ रात्रभर फोन हातात घेऊन तेच विचारत होता, “आवाज मना शे ना?”

आवाज त्याचाच होता. पण नोंद स्टुडिओवाल्याची होती. यूट्यूबकडे कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आहे. जो गाण्याची नोंद करतो, थेट किंवा एखाद्या डिस्ट्रिब्युटर कंपनीमार्फत, त्याच्या रेकॉर्डिंगचा ठसा तिथं साठवला जातो. पुढं कुणीही तोच आवाज चढवला की यंत्र तो ओळखतं आणि नोंदवणाऱ्यानं आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे जाहिरातीचे पैसे त्याला देतं किंवा व्हिडिओ अडवतं. यंत्राला गाणं कुणी रचलं हे ठाऊक नसतं. सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे एवढंच ते बघतं, रान कुणी नांगरलं ते नाही.

यातून आम्ही कसे सुटलो ते नीट सांगतो, कारण ही वेळ अनेकांवर येते. नुसता क्लेम असेल तर त्याला डिस्प्यूट करता येतं. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. स्ट्राइक असेल तर काउंटर नोटिफिकेशन द्यावं लागतं. ते दिल्यावर दावा करणाऱ्यानं कामकाजाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दाखवला नाही, तर व्हिडिओ परत येतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक बसले की चॅनलच बंद होऊ शकतं, म्हणून पहिल्याच स्ट्राइकला हातपाय हलवायचे, ‘बघू’ म्हणायचं नाही. आणि एक सांगतो, काउंटर नोटिफिकेशन हे कायदेशीर विधान आहे, त्यात तुमचं नाव-पत्ता समोरच्याकडे जातो. गाणं खरंच तुमचं असेल तरच ते भरा.

आम्हाला तारलं ते शिक्षक मित्राच्या सवयीनं. त्यानं गाण्याचं पहिलं कडवं व्हॉट्सअॅपवर मला पाठवलं होतं, त्यावर तारीख होती. चाल बसवताना चुलतभावानं गुणगुणून पाठवलेले आवाजाचे तुकडे होते. एका तुकड्यात मागं म्हैस हंबरते आणि तो तिला गप्प बस म्हणून रागावतो. त्या म्हशीनंच आमची बाजू भक्कम केली, कारण असला तुकडा कुणी मागाहून तयार करत नाही. हे सगळं समोर ठेवल्यावर समोरच्यानं तक्रार मागं घेतली. वर्णनात आमची नावं आली. आधीचे पैसे मात्र गेले ते गेलेच. तेव्हा पहिला सल्ला हाच: गाण्याचं पहिलं बोट जिथं उमटतं, वहीचं पान, व्हॉइस मेसेज, फोनमधली नोट, ते पुसू नका. मोबाइल बदलताना आधी हे दुसरीकडे उतरवून ठेवा.

त्या काळात एका ओळखीच्या वकीलदादांकडे बसून मी १९५७ चा कॉपीराइट कायदा समजून घेतला. तो आपल्या बाजूचा आहे, फक्त आपण तो वापरत नाही. शब्दांचा पहिला मालक लिहिणारा, चालीचा मालक चाल बांधणारा. पण रेकॉर्डिंगचा मालक निर्माता, म्हणजे ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. आमची गाठ इथंच बसली होती. स्टुडिओवाल्यानं फुकट रेकॉर्डिंग केलं, म्हणून निर्माता मीच असं तो म्हणू शकत होता. त्यामुळे स्टुडिओचं भाडं द्या, थोडं का होईना, आणि पावती घ्या. फुकटचं रेकॉर्डिंग फार महाग पडतं.

हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि सहीनंच देता येतो; ‘घेऊन टाक भो’ म्हटल्यानं हक्क जात नाही. कागदात किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणून समोरच्यानं ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी, सर्व माध्यमांसाठी’ असं छापून आणलेला कागद पुढं केला तर लगेच सही करू नका, घरी आणून वाचा. २०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी जोर लावला होता. त्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकाराच्या रॉयल्टीचा वाटा असा पक्का केला की तो सही करूनही सोडता येत नाही. आणि नावाचा हक्क तर गाणं विकल्यावरही तुमच्याकडेच राहतो. गाणाऱ्याचाही राहतो.

वरातीबद्दल मात्र गैरसमज नको. लग्नात आणि वरातीत गाणं वाजवण्याला कायद्यानं सूट दिलेली आहे, तिथं बँडवाल्याकडून काही मागता येत नाही, आणि मागूही नये. आपलं गाणं लग्नात वाजावं यासाठीच तर ते लिहायचं. कमाई होते ती ऑनलाइन आणि तिकिटाच्या कार्यक्रमांत.

आता जुन्या गाण्यांचं. कानबाईची गाणी, गुलाबाईची गाणी, हळदीच्या ओव्या यांचा कुणी एक मालक नाही. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत जळगावकडच्या पोरी गुलाबाईपुढं बसून जे म्हणतात, ते कुणालाही म्हणता येतं आणि रेकॉर्डही करता येतं. तुम्ही केलेलं रेकॉर्डिंग तुमचं, मूळ गाणं सगळ्यांचं. तरी काही जण पारंपरिक गाणं स्वतःच्या नावानं नोंदवतात आणि मग भजनी मंडळाच्या बायकांच्या व्हिडिओवर क्लेम येतो. सार्वजनिक मालकीचं गाणं कंटेंट आयडीत नोंदवायचं नाही, असा यूट्यूबचाच नियम आहे. असा क्लेम आला तर घाबरून व्हिडिओ काढू नका, डिस्प्यूट करा. आणि तुम्ही स्वतः जुनी ओळ घेतली असेल तर वर्णनात ‘पारंपरिक’ असं स्वच्छ लिहा. आमच्या मामाच्या गाण्यातली निम्मी चाल आजीच्या पिढीची होती, ती आम्ही तशीच लिहिली.

आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या बोलायच्या आणि मुलगा सोपानदेव लिहून घ्यायचे. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. घरातल्या माणसानं वहीत टिपलं नसतं तर जात्यावरच्या शेकडो निनावी बायांमध्ये बहिणाबाईही मिसळून गेल्या असत्या. आपल्याच घरात हे झालेलं असताना आपण लिहून ठेवायला लाजतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण धुळ्याहून आग्रा रोडनं खाली उतरलं की लागणाऱ्या मालेगावचं. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. यंत्रमागावर राबणारी मंडळी गोळा करून त्यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, सुमारे पन्नास हजार रुपयांत. एडिटिंग दोन व्हीसीआर जोडून, ट्रॉलीच्या जागी सायकल. त्यांच्या सुपरमॅनच्या सिनेमावर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरांत लागला. तो पाहताना मी सगळ्यात जास्त कुठं हललो असेन, तर लेखक आणि दिग्दर्शक या दोन जिवलगांमध्ये श्रेयावरून फूट पडते तिथं. तिथं कुणीही वाईट नाही. फक्त कोणाचं काय हे कुणी ठरवलेलं नाही. आपल्या भागातल्या कितीतरी ग्रुपचं हेच होतं. पहिल्या दोन व्हिडिओंत सगळे भाऊ-भाऊ, तिसऱ्यात पैसे आले की अबोला. ‘छोटूदादा’सारखा आपल्या मातीतला कलाकार यूट्यूबवरून देशभर पोचला, हे पाहून पोरांना वाटतं की कॅमेरा घेतला की झालं. कॅमेरा घ्याच, पण आधी बसून बोला.

पैसे कसे येतात तेही आधी कळलेलं बरं. पूर्ण जाहिरातीच्या कमाईसाठी चॅनलला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणी लागते, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यू. मग १०० डॉलर साठल्यावर रक्कम येते, आणि येते ती एकाच माणसाच्या बँक खात्यात. ते खातं कुणाचं, पासवर्ड कुणाकडे, कराचा बोजा कोण उचलणार, आणि त्या माणसाचं लग्न होऊन तो सुरतला गेला तर काय, हे चॅनल काढायच्या दिवशी ठरवा. चॅनलवर मॅनेजर म्हणून दुसऱ्या माणसाला जोडता येतं, ते तेव्हाच करून टाका.

क्रिकेटवाल्या पोरांसाठीही थोडं सांगतो. गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा आता यूट्यूबवर लाइव्ह दिसतात. कॉमेंट्री अशी रंगते की सुरत-वापीला कामाला गेलेला माणूस कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत आपल्या गावचा सामना बघतो. पण षटकार बसला की डीजेवाला सिनेमाचं गाणं लावतो, ते माइकमधून प्रक्षेपणात शिरतं, यूट्यूबचं यंत्र ते ओळखतं आणि ऐन शेवटच्या षटकात लाइव्ह बंद पडू शकतं. कॉमेंट्रीचा माइक थेट प्रक्षेपणाला जोडा, डीजेचे स्पीकर त्याच्यापासून लांब ठेवा, आणि षटकाराला ढोल-ताशा वाजवा. आपल्याकडं वाजवणाऱ्यांची कमी नाही.

कागदाला वकिली भाषा लागत नाही. गाण्याचं नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा, वाद्यं कोणाची, रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला, चॅनल कोणतं, किती वर्षांसाठी, कमाईतला वाटा कोणाला किती. खाली सगळ्यांच्या सह्या आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर त्याचा फोटो. रक्कम मोठी असेल, बाहेरची कंपनी असेल, तर वकील आणि स्टॅम्प पेपर लागतोच. कॉपीराइटची सरकारी नोंदणी सक्तीची नाही, पण शब्दांसाठी तिची फी ५०० रुपये आहे. जे गाणं खरंच चालेल असं वाटतं त्याच्यासाठी ती भरावी.

आमचं नवीन गाणं कानबाईच्या रोटांवर आहे: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू मोजताना सासू एक नाव विसरते, त्याचा गोंधळ. या वेळी स्टुडिओत जाण्याआधी चुलतभावाच्या ओट्यावर बसून कागद लिहिला. ढोलकीवाल्यानं वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, मागच्या गाण्यात नाचले ते माझ्या ठेक्यावर, वाटा वाढवा. बराच वेळ वाद झाला, चहा दोनदा झाला, आणि त्याचा वाटा वाढवून दिला. मगच त्यानं ढोलकीची दोरी आवळायला घेतली.